आण्णांच्या गोठ्याची जमीन

माझं बहुतेक सगळं माझ्या बायकोला ठाऊक आहे. बी.एस्सी.ला एकदा आपटलो होतो ते, लग्नाआधी एका मुलीला लिहिलेलं पत्र फिरून माझ्याच वडिलांच्या हातात पडलं ते — सगळं. हे एक सोडून. हे तिला सांगितलेलं नाही, भावाला नाही, कारखान्यात माझ्या डब्यातली भाजी एकोणीस वर्षं वाटून खाल्लेल्या हुसेनचाचांना नाही. देवापुढेसुद्धा मी हे कधी धड बोललो नाही. तिथे हात जोडले की मुलीचं लग्न आणि माझी गुडघेदुखी एवढ्यावर आटोपतं घेतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसलोय. आणि बसल्या बसल्या तिसऱ्यांदा चष्मा पुसला आहे — म्हणजे अजूनही टाळतोच आहे.

एक आधीच सांगतो. उचगावात मला कुणी वाईट म्हणत नाही. रस्त्यात थांबवून लोक औषधाच्या बाटलीवरचं वाचून घेतात, अर्ज लिहून घेतात, पोराला कुठल्या लाइनला घालू म्हणून विचारतात. साहेब म्हणतात. कसला साहेब? एका शेडमधला केमिस्ट मी. पण शिकलेला माणूस विनाकारण खोटं बोलणार नाही, असा साध्या माणसांचा एक समज असतो, आणि तो माझ्या फार उपयोगी पडला.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. उचगावच्या शिवेला एक जळक्या ऑइलचा कारखाना होता. गॅरेजवाल्यांकडून, ट्रकवाल्यांकडून इंजिनातून काढलेलं काळं तेल पिंपांतून यायचं. ते आधी तापवायचं, मग त्यात गंधकाचं आम्ल घालायचं. घाण तळाला बसली की वरचं तेल पांढऱ्या मातीबरोबर पुन्हा तापवून कापडातून गाळायचं — आणि खाली तोटीतून मधासारखं तेल पडायचं. नवीन माणूस आला की मी मुद्दाम त्याला तोटीपाशी न्यायचो. मला त्या कामाचा अभिमान होता, तो खोटा होता असं आजही म्हणणार नाही.

पण मध बाटलीत गेल्यावर मागे काय उरायचं, हे बघायला मी कुणाला नेत नव्हतो. तळाचा डांबरासारखा गाळ, आणि तेल पिऊन काळी झालेली ती माती. कारखान्यामागे तिचा ढीग वाढत वाढत कुंपणाला टेकला. एका पावसाळ्यात त्याचं पाणी शेजारच्या उसात शिरलं आणि ऊसवाला भांडायला आला. मालक मला म्हणाले, याचं काहीतरी बघा. मालकांचं या गोष्टीत एवढंच वाक्य आहे. त्यांच्यावर काही ढकलायला जागा नाही, मी शोधून पाहिली आहे.

मी बघितलं. गाळातलं आम्ल चुन्याने मारायचं, गाळ त्याच काळ्या झालेल्या मातीत कालवायचा, पसरून धुम्मसाने चोपायचा. आठ दिवसांत ते असं घट्ट बसायचं की वर घागर ओतली तरी पाणी मुरत नव्हतं. चिखल नाही, वासाने गोचीड जवळ येत नाही. म्हटलं, ही तर गोठ्यासाठीच घडवल्यासारखी जमीन झाली. उचगावात घरोघर म्हशी आणि घरोघर गोठ्यात चिखल — म्हणजे माझा ढीगही हलणार आणि लोकही दुवा देणार. ही शक्कल माझी. कुणी शिकवलेली नव्हती. त्या आठवड्यात मी स्वतःवर इतका खूश होतो की घरी जाताना पेढे घेऊन गेलो होतो.

पहिली जमीन श्रीपतीआण्णांच्या गोठ्यात झाली. आण्णांचा मळा कारखान्याच्या पलीकडच्या अंगाला. सहा म्हशी. आमच्या घरचा रतीब त्यांचाच, आणि संध्याकाळी दोन म्हशी हाकत ते शहराच्या कडेला कट्ट्यावर जायचे. तिथे माणसं पेले घेऊन उभी असायची, समोर धार काढायची, फेसासकट प्यायची. आण्णा मोकळा माणूस. शेताच्या त्या टोकावरून साधी ख्यालीखुशाली विचारली तरी नवख्याला वाटायचं, भांडण लागलंय. त्या वर्षी त्यांच्या बाळूचं लग्न ठरलं होतं. मुलीकडचे पाहुणे मुरगूडकडचे, जनावरं ओळखणारे. ते येणार म्हणजे आधी गोठ्यात डोकावणार. तेव्हा लग्नाच्या आधी गोठा नीट करायचा होता.

चार गाड्या माती मी पाठवली. चोपायला स्वतः उभा राहिलो. आण्णांनी मला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला, आणि मांडवात पुढच्या रांगेत बसवलं. एवढं ध्यानात ठेवा — गोठ्याची जमीन आणि घरातली सून, दोन्ही त्या घरात एकाच आठवड्यात आली. पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

सुनेचं नाव शेवंता. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. बोलायला कमी, पण जनावरांत वाढलेली. धारेला बसली की अडेल म्हैसही पान्हा सोडायची, असं आण्णाच कौतुकाने सांगायचे. पहिले दोन महिने ते दुधापेक्षा सुनेचंच जास्त बोलायचे.

पावसाळा लागला. म्हशी दिवसदिवस गोठ्यात बांधलेल्या. आषाढात एका म्हशीने वैरण टाकली. तोंडातून लाळ, दात खायची, डोळे उघडे पण दिसत नसल्यासारखी गव्हाणीला धडकायची. दोन दिवस भिंतीला डोकं लावून उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, काहीतरी मेंदूचं आहे म्हणाले. होतं असं कधीकधी. श्रावणात दुसरी गेली, तशीच. तेव्हा आण्णांच्या मंडळींनी, म्हणजे शेवंताच्या सासूने, पहिल्यांदा तो शब्द काढला — पायगुण.

दुसरी म्हैस गेली त्या सकाळी मी भेटायला गेलो होतो. गावची रीतच आहे तशी. मी गोठ्याच्या दारात उभा, आण्णा कपाळाला हात लावून बसलेले, आणि शेवंता आत झाडत होती. ती माझ्याकडे न बघता सासूला म्हणाली, "आत्या, म्हसरं जमीन चाटत्यात. मी रोज बगतोय. ह्या मातीत कायतरी हाय." सासूने तिला गप्प बसवलं. मी खाली बघितलं. गव्हाणीपुढची जमीन चाटून चाटून गुळगुळीत झाली होती, चार ठिकाणी वाटीएवढे खळगे पडले होते. ज्या जमिनीवर मी दोन दिवस उभा राहून काम करून घेतलं होतं, तिथे मला हे दिसलं नव्हतं, आणि त्या मुलीला दिसलं.

जाताना मी बुटाच्या टाचेने एक ढेकूळ मोकळं केलं आणि रुमालात बांधून नेलं. कुणाला दिसलं नाही.

सोमवारी कारखान्याला सुट्टी. दुपारी मी एकटा गेलो, तेल तपासायची खोली उघडली. कॉलेजात पोरंही करतात ती साधी परीक्षा — माती आम्लात उकळायची, गाळायची, गाळलेल्या पाण्यात एका रसायनाचे थेंब टाकायचे. शिसं असेल तर पिवळा साका बसतो. मला काय दिसणार, हे मला आधीच कळलं होतं का? बहुतेक हो. माझे मामा छापखान्यात खिळे जुळवायचे. सगळी हयात शिशात हात. त्यांच्या हिरड्यांवरची निळसर रेघ, पोटात उठणारी कळ, आणि शेवटी शेवटी मनगटातून लोंबणारे हात मी लहानपणी पाहिले होते. पेट्रोलमध्ये शिसं घालतात, ते इंजिनाच्या तेलात उतरतं, हे तर मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. ते तेलातून निघालं की गाळात जातं — आणि गाळ मी कुठे घातला होता? नळीत पिवळं झालं. थोडं नाही, तळाला बोटभर. मी पुन्हा केलं. पुन्हा पिवळं.

नळी धुऊन ठेवली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला म्हणालो, आण्णांच्या दुधात हल्ली पाणी वाटतं, रतीब बदलूया. ती म्हणाली, पाणी? उलट साय जाड येते. मी उगाच चिडलो, आणि रतीब बदलला. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

वाचलंत ना? इथे मी स्वतःला कितीही समजावलं तरी ते समजत नाही. पुढे मी स्वतःशी म्हणायचो की एका साध्या परीक्षेवरून काय सिद्ध होतं, मोठ्या प्रयोगशाळेतून तपासायला हवं होतं, मी काय डॉक्टर आहे का. मग मुलीचं दूध का बंद केलंस? संध्याकाळी मी सायकलवरून कट्ट्यावरून जायचो तेव्हा बायका लेकरांना घेऊन उभ्या असायच्या. पेल्यातल्या फेसाने पोरांच्या ओठांवर पांढऱ्या मिशा उमटलेल्या. मी घंटी वाजवून पुढे जायचो.

आणखी तिघा-चौघांनी गोठ्यासाठी माती मागितली होती. त्यांना मी सांगितलं, सध्या माती निघत नाही. ढीग तर कुंपणाबाहेर दिसत होता. पण साहेब म्हणाले नाही, म्हणजे नाही.

मग आण्णांना का सांगितलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की त्याची धार गेली. नोकरी जाईल म्हणून? मालकांना मी विचारलंच नव्हतं. कदाचित ते म्हणाले असते, सांगून टाका, दोन म्हशी आपण घेऊन देऊ. तसा माणूस होता तो. मग कोर्टकचेरीची भीती? त्या काळी उचगावात कोण कोर्टात जात होतं. खरं सांगू — मला आण्णांसमोर चुकलो म्हणायचं नव्हतं. टॉवेल-टोपी घेतलेली, मांडवात पुढे बसलेलो, धुम्मसवाल्याला असं नाही तसं कर म्हणून शिकवलेलं. पोरांच्या तोंडी झालं असतं, साहेबाने म्हशी मारल्या. एवढ्यासाठी. याहून मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

मी ठरवलं की पावसाळा संपला की म्हशी बाहेर चरायला जातील, चाटणं कमी होईल, सगळं आपोआप निवळेल. भाद्रपदात शेवंताला दिवस गेल्याचं कळलं आणि पंधरवड्यात पोट पडलंही. दिवसभर ती त्या गोठ्यात असायची, ती धूळ झाडायची, त्याच हाताने भाकरी खायची. ते मातीमुळे झालं का? माहीत नाही. मला कधी कळणारही नाही. पण ऐकल्याबरोबर माझ्या मनात हाच विचार आला, आणि तो मी कुणापाशी बोललो नाही. गणपती गेले, तिसरी म्हैस गेली. आता सासूच नव्हे, वाटेवरचा कुणीही बोलत होता. घरात पाऊल टाकल्यापासून तीन म्हशी आणि पोटातलं पोर.

दसरा झाल्यावर आण्णांकडून निरोप आला, सोप्यात बैठक आहे, साहेबांनी यावं. शेवंताचे वडील आणि भाऊ मुरगूडहून आले होते. घोंगड्यावर पाच-सहा माणसं. आण्णांची मंडळी आतल्या दारात, आणि तिच्या मागे शेवंता, पदर तोंडाशी धरून. चहा झाला. आण्णांसारख्या माणसाचा आवाज इतका खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

ते म्हणाले, "साहेब, घरात म्हनत्यात पोरीचा पायगुन. माझं मन घेत न्हाय. पोरगी म्हनती, म्हशी जमीन चाटत्यात, मातीत कायतरी हाय. तुमी शिकल्यालं मानूस. तुमी व्हय म्हनला तर आत्ता जमीन उकरून टाकतो. पोरगी हितंच ऱ्हाईल. खरं काय ते सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. तिचे वडील हात जोडून नव्हे, पण तसेच बसले होते. अजून काय सोपं करून द्यायला हवं होतं मला? त्या माणसाने भांडण नव्हतं मांडलं. दोष नव्हता दिला. फक्त हो म्हणायचं होतं — एक अक्षर. सून राहणार होती, म्हशी वाचणार होत्या, आणि आण्णांनी बहुधा मला तिथल्या तिथे माफही केलं असतं.

मी म्हणालो, "मातीत काही नाही, आण्णा. मी स्वतः तपासली आहे."

पहिलं वाक्य तरी एक वेळ घाबरून तोंडातून गेलं असं म्हणता येईल. दुसरं? दुसरं कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं, वजन यावं म्हणून. आणि आलं वजन. तिच्या वडिलांनी बाजूला ठेवलेली टोपी घातली आणि म्हणाले, "मग आमचं काय म्हननं न्हाय." मी दाराकडे बघितलं नाही. पण आत काकणं वाजल्याचं ऐकू आलं, आणि सासू बोलली ते ऐकू आलं — मातीवर आळ घेती, आपलं झाकायला.

दिवाळीला माहेरी नेतो असं म्हणून वडिलांनी शेवंताला नेली. पहिली दिवाळी, लोक जावयाची वाट बघतात. बाळू गेला नाही. तो वाईट नव्हता, पण आईपुढे त्याचं काही चालत नव्हतं. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न सरलं, तिला आणायला कुणी गेलं नाही.

आता जे सांगतो ते मला जास्त जड जातं. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी आण्णांकडे गेलो आणि म्हणालो की त्या जमिनीत चुना कमी पडला होता, भेगा जातील, मी नवी करून देतो, कारखान्याच्या माणसांकडून. आण्णांचं कशात लक्ष नव्हतं, करा म्हणाले. चार माणसं लावून सगळी माती उकरली, खाली हातभर खणून काढली, वर मुरूम घातला. हुसेनचाचा बरोबर होते. ते मला म्हणाले, भेगा तर कुठं दिसत न्हाईत साहेब. मी म्हणालो, पुढे पडतील. त्यांनी परत विचारलं नाही.

मला वाटलं होतं, मी काहीतरी भरून काढतोय. निदान उरलेल्या तीन म्हशी तरी. आणि त्या वाचल्याच. त्यांतली एक अशक्त झाली होती, ती महिन्याभरात वैरण ओढायला लागली. फाल्गुनात दोन व्याल्या. दूध वाढलं. सगळ्या उचगावने काय बघितलं? सून गेली आणि गोठा सुधारला. ज्यांच्या मनात थोडी शंका होती तीही गेली. आण्णा स्वतः मला म्हणाले, "साहेब, माझं मन घेत नव्हतं, पर आता काय बोलू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची मला आजही शिसारी येते.

माती मी तिच्यासमोर उकरली असती तर? ती त्या घरात असताना, नुसती काहीतरी सबब सांगून? कबूल न करताही तिला वाचवता आलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण ती घरात असताना उकरली तर लोक म्हणतील पोरगी खरं बोलत होती, म्हणून ती जाईपर्यंत थांबलो. पुढच्या उन्हाळ्यात बाळूचं दुसरं लग्न झालं. मला बोलावणं होतं. मी आजारी पडलो असं कळवलं.

उकरलेली माती आणि मागचा सगळा ढीग आम्ही कारखान्यामागच्या खोलगट जागेत लोटला, वरून तांबडी माती ओढली. कारखाना पुढे बंद झाला. आता तिथे घरं झाली आहेत, परसात लोक मेथी-कोथिंबीर लावतात, पोरं गोट्या खेळतात. त्या रस्त्याने मी जात नाही. जायला हवं आणि दारोदार सांगायला हवं, हे मला कळतं. मी गेलेलो नाही.

शेवंता मला त्यानंतर एकदाच भेटली, बारा-तेरा वर्षांनी. कारखान्यातल्या एका माणसाच्या मुलाचं लग्न मुरगूडला होतं. मी मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसलो होतो. एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन पाहुण्यांमधून फिरत होती. माझ्यापुढे पेला धरला आणि म्हणाली, साहेब, उचगावचं न्हव्हं तुमी? मी आवाजावरून ओळखलं. कपाळ कोरं नव्हतं, बारीक कुंकू होतं. बाळू जिवंत होता ना. केस मात्र वयाच्या मानाने फारच पांढरे झाले होते.

बरी आहेस का, असं मी विचारलं. दुसरं काय विचारणार. ती म्हणाली, "बरी हाय की. भावाकडं असतो. रानात जातो, सैपाक बगतो. गोठ्याकडं तेवढं जात न्हाय." मग तिनेच पुढे सांगितलं, अगदी सहज, की भावाची म्हसरं चांगली आहेत, उगाच कशाला. तेवढ्यात नवरी आत यायला निघाली. वाजंत्री सुरू झाली, बायका पुढे सरकल्या. शेवंता दोन पावलं मागे झाली आणि खांबाच्या आडोशाला उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवरी आत गेल्यावर ती परत माझ्याजवळ आली.

ती म्हणाली, "साहेब, लय वर्सं मनात हुतं, बोलायचं. तवा मी तुमच्या मातीला नाव ठिवलं. चार मानसांत तुमाला खाली बगाय लावलं. कळत नव्हतं वो मला. मनात धरू नका."

मी तिच्याकडे बघितलं. वाजंत्री थांबली होती, आमच्या आसपास कुणी नव्हतं, ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. आण्णा वारले होते. कारखाना उरला नव्हता. मला कुणाचीही भीती नव्हती.

मी म्हणालो, "नाही धरलं."

तिला बरं वाटलं. ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. तिने माझा पेला परत भरला, पंगत बसतीय, चला म्हणाली. आणि मी उठून जेवायला बसलो.